हो का नाही, ते आत्ता सांगा

जन्मात एक दिवस नोकरी केली नाही आणि तरीही नोकरी देणाऱ्यांवर जन्मभर संतापत राहिला, असा माणूस अख्ख्या हुबळी-धारवाडात एकच होऊन गेला, तो म्हणजे आमचे आतोबा. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. घराणं मूळचं सांगलीकडचं, पण तीन पिढ्या हुबळीच्या बाजारात तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान. घरात मराठी, दुकानात कन्नड आणि राग आला की दोन्ही, अशी त्यांची भाषेची वाटणी होती. आणि राग त्यांना रोज सकाळी, दुकानात उदबत्ती फिरवून वर्तमानपत्र उघडलं की यायचा. बाकीचे लोक बातम्या वाचून चिडतात. आतोबा ‘पाहिजेत’च्या जाहिराती वाचून चिडायचे, आणि त्याही मनातल्या मनात नाही, तर गिऱ्हाइकाला ऐकवून. तांब्या घ्यायला आलेल्या बाईला तांब्याआधी जाहिरात मिळायची. “बघा, बघा! ‘अनुभव आवश्यक’ म्हणे. पहिला अनुभव कुणी द्यायचा ओ मग? आईच्या पोटातनं घेऊन यायचा काय?” ती बिचारी तांब्याला ठोकून बघत म्हणायची, “होय की ओ.” “आणि हे ऐका. ‘आकर्षक व्यक्तिमत्त्व’. क्लार्क पाहिजे का मखरात बसवायचा गणपती?” ‘पगार योग्यतेनुसार’ या दोन शब्दांवर तर ते पेटूनच उठत. कुणाच्या योग्यतेनुसार, घेणाऱ्याच्या का देणाऱ्याच्या, हा त्यांचा सवाल असे, आणि उत्तर आल्याशिवाय ते तांब्याचा भाव सांगत नसत.

गल्लीतल्या कुणाच्याही पोराला इंटरव्ह्यूचा कॉल आला की आतोबा आपणहून त्याच्याबरोबर निघायचे. त्यांना कुणी बोलावत नसे. पण लग्नाच्या वऱ्हाडाला जसा एक मामा लागतो, तसा इंटरव्ह्यूला एक वडीलधारा लागतो, अशी त्यांची पक्की समजूत होती. धोतर, काळा कोट, बगलेत छत्री आणि हातात दहीभाताचा डबा. मी बी. कॉम. होऊन पहिल्यांदा गोकुळ रोडवरच्या एका पंप बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअर क्लार्कच्या जागेसाठी गेलो तेव्हा हा सगळा सरंजाम माझ्यासोबत होता. आत साहेबांनी मला एव्हरेस्टची उंची विचारली. ती मला आली नाही. बाहेर येऊन मी तसं सांगितलं, तेव्हा आतोबांनी दारावरच्या शिपायालाच धरलं. “तुमच्या गोडावनाला मजले किती ओ?” शिपाई म्हणाला, “एकच की.” “मग एव्हरेस्ट कशाला पाहिजे तुम्हाला? नट-बोल्ट मोजायला माणूस घ्यायलात, का डोंगर चढायला?” मी लाजेनं अर्धा झालो होतो. पण बाहेरच्या बाकावर बसलेली बाकीची पोरं हसली, आणि त्यांच्या तोंडावरची भीती थोडी उतरली, हेही खरं. तेवढ्यात त्यांतलाच एकजण हळूच म्हणाला, की जागा केव्हाच भरली आहे, मॅनेजरच्या मेव्हण्याचा मुलगा महिनाभर तिथं कामाला येतोय, हे सगळं नुसतं दाखवायला. ते ऐकल्यावर आतोबांचा चेहरा बघवत नव्हता. “नवरा ठरलेला असताना स्वयंवर मांडता? आणि एवढ्या पोरांना हार घेऊन उन्हात उभं करता?” ते एवढ्या मोठ्यानं म्हणाले, की आतला पंखासुद्धा दचकला असेल. आजही मी म्हणतो, यात त्यांचं काय चुकलं? कुणीतरी सांगावं मला.

पण हे सगळे राग सटरफटर. आतोबांचा खरा, खानदानी राग होता तो एका शब्दावर. ‘कळवतो.’ इंटरव्ह्यू संपला की साहेब म्हणायचे, “ठीक आहे, कळवतो.” कन्नड साहेब असला तर “हेळि कळस्तीवि” म्हणायचा, म्हणजे तेच, निरोप धाडतो. फारच मोठा साहेब असला तर इंग्रजीतून म्हणायचा. आतोबांचं म्हणणं, तीन भाषांत मिळून एकच थाप, आणि तीही अशी की मारणाऱ्याला पाप लागत नाही आणि खाणाऱ्याला ओरडता येत नाही. “अरे, नको तर नको म्हणा की! नाही म्हणायला जीभ झडते काय? भिकाऱ्यालासुद्धा आपण ‘पुढं जा’ म्हणतो. त्याला ‘कळवतो’ म्हणून दारात बसवत नाही.” बाकीच्या जगाला ‘कळवतो’ म्हणजे ‘नाही’ हे ठाऊक होतं. आतोबांनाही ठाऊक होतं. पण ते मान्य करायचं नाही, असा त्यांचा हट्ट. माणूस कळवतो म्हणाला म्हणजे त्यानं शब्द दिला, आणि शब्द दिला म्हणजे तो वसूल करायचा. त्या पंपवाल्यांनी मला ‘कळवतो’ म्हटल्यावर, दुकान बंद असायच्या दिवशी दर आठवड्याला आतोबा गोकुळ रोडला जाऊन फाटकाशी उभे राहू लागले. “आमच्या पोराचं काय ते कळवणार होता. आलोय.” सुरुवातीला वॉचमन हटकायचा. मग त्यालाच त्यांची सवय झाली. “बर्री यजमान्रे, कूड्री,” म्हणजे या, बसा, असं म्हणून तो स्टूल पुढं करायचा, आणि दोघं मिळून दहीभात खायचे. शेवटी एक दिवस मॅनेजरची गाडी फाटकात अडली, त्यानं काच खाली करून हे कोण म्हणून विचारलं, आणि कारण कळल्यावर तो भडकून ओरडला, “इल्ल! नाही! जागा भरली! होग्री, निघा!”

आतोबा तिथून जे निघाले ते थेट आमच्या घरी. वाटेत धारवाडी पेढ्यांचा पुडा घेतला होता. “इल्ल अंद्रु!” उंबऱ्यातूनच ते ओरडले. “नाही म्हणाले! अगदी तोंडावर नाही म्हणाले!” माझ्या आईला वाटलं नोकरी लागली; तिनं देवापुढं साखर ठेवली. नोकरी लागली नाही याचे पेढे वाटणारा माणूस आमच्या गल्लीनं त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. मीही एक पेढा खाल्ला. नाकारलेल्या माणसाला पेढा कसा लागतो, ते मी सांगू शकतो. गोडच लागतो. का कोण जाणे, पण त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

स्वतःच्या दुकानात माणूस ठेवायचा झाला तर त्यांची तऱ्हा जगावेगळी होती. आलेल्याला आधी चहा. मग वरच्या फळीवरची घागर काढून परत ठेवायला सांगायची, आणि ती जागेवर बसायच्या आत निकाल. हो तर हो, नाही तर नाही, आणि नाहीचं कारण त्याच्या तोंडावर. “तू चांगला हायस, पण तुझ्या हाताला घाई हाय. माझी भांडी चेपतील.” “तू फार गोड बोलतोस. उधारी वाढेल माझी.” एकाला तर, “तू शीळ वाजवतोस, पितळेच्या दुकानात ती घुमते, मला सोसणार नाही,” असं म्हणून परत पाठवलं होतं. ही कारणं ऐकून लोक रागावतही, पण पुन्हा कधी फाटकाशी येऊन उभे राहत नसत. अळणावरकडच्या खेड्यातून एकदा चाळिशीचा एक निंगप्पा म्हणून आला. त्याला आतोबा “नाही” म्हणाले. यावर इतर लोक मान खाली घालून जायचे, निंगप्पा तिथंच उभा राहून म्हणाला, “याक्री?” म्हणजे, का हो? आतोबा त्याच्याकडे बघतच राहिले. साऱ्या आयुष्यात त्यांना भेटलेला ‘का’ विचारणारा तो पहिला उमेदवार. कारण सांगायचं विसरून त्यांनी त्याला त्याच दिवशी ठेवून घेतलं. पुढं त्याचा त्रास त्यांनाच झाला. “निंगप्पा, ती पातेली वर ठेव.” “याक्री?” “निंगप्पा, दुकान झाड.” “याक्री?” पण त्याला काढायचा विषय निघाला की आतोबा म्हणत, “विचारतोय तोवर माणूस जिवंत हाय म्हणायचा.”

या सगळ्याचं ज्या एका माणसाला फारसं हसू येत नसे, ती म्हणजे त्यांची मुलगी, मालूअक्का. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, शांत, उंच, आणि टायपिंगची हायर परीक्षा इंग्रजी आणि कन्नड दोन्हीत पास झालेली. ती यंत्रावर बसली की पाऊस पत्र्यावर पडावा तसा आवाज यायचा. बिचारीच्या वाट्याला ‘कळवतो’ दोन्ही बाजूंनी येत होतं. नोकरीवाले बघून ‘कळवतो’ म्हणायचे आणि मुलगी बघायला येणारेही शिरा-उप्पीट खाऊन ‘कळवतो’च म्हणायचे. एका स्थळाच्या वेळी आतोबांना राहवलं नाही. पाहुणे उठताना ते दारात आडवे झाले. “हो का नाही, ते आत्ता सांगा. उप्पीट खाताना पोरगी दिसली की नाही तुम्हाला? मग घरी जाऊन काय बघणार आहात?” नवरदेवाच्या काकांचा चेहरा उतरला, आत्यानं आतून कपाळाला हात लावला, आणि ते स्थळ कायमचं गेलं. मालूअक्का त्या वेळी आत उभी होती. तिनं फक्त एवढंच म्हटलं, “अप्पा, बाजारात भांडं घेतानासुद्धा माणूस दोन दुकानं फिरतोच की.”

पुढं तिचं वय वाढलं तसा आत्याचा धीर सुटत चालला. गदगचं एक बिजवराचं स्थळ आलं, पहिल्या बायकोची दोन मुलं असलेलं. माणूस वाईट नव्हता, पण मालूअक्काला तो नको होता, आणि तिनं तसं सांगितलंही होतं. आत्या एरवी मऊ माणूस, पण त्या वेळी तिनंही हट्ट धरला. रायापूरला एक नवा कारखाना निघाला होता, विजेच्या सामानाचा. त्यांच्या ऑफिसात टायपिस्टची जागा होती आणि मालूअक्काला कॉल आला होता. आत्या म्हणाली, “ही नोकरी लागली तर गदगचं नाव काढणार नाही. नाही लागली, तर मुकाट्यानं साडी नेसून उभं राहायचं.” मालूअक्का “बरं” म्हणाली. तिला ही नोकरी लागणार याची खात्री होती. आम्हा सगळ्यांनाच होती. तिच्यासारखं टाइप करणारं दुसरं कोण होतं?

अट एकच घातली तिनं. आतोबांनी बरोबर यायचं तर या, पण तोंड उघडायचं नाही. आतोबांनी देवापुढं शपथ घेतली, आणि तरीही स्वतःचा भरवसा नव्हता म्हणून तोंडात अख्खी सुपारी धरून बसले. मीही बरोबर होतो. अर्ध्या दाराच्या पलीकडे टाइप करून घेतलं, त्याचा आवाज बाहेरपर्यंत आला, आणि एक साहेब “फस्क्लास” म्हणाल्याचं आम्ही दोघांनी ऐकलं. मग प्रश्न सुरू झाले. लग्न कधी करणार? ठरलं आहे का? नाही, तर का नाही? लग्न झाल्यावर नोकरी सोडणार? नवऱ्याची बदली झाली तर? मुलं झाली तर? टायपिंगचा, कागदाचा, कामाचा एक प्रश्न नाही! मालूअक्काचा आवाज शांत होता. “लग्नच ठरलेलं नाही, तर मुलांचं मी आत्ता काय सांगू?” ती म्हणाली. त्याच क्षणी माझ्या शेजारी आतोबांच्या तोंडातली सुपारी कडकन फुटली. डोळ्यांत पाणी आलं होतं, दात दुखावल्यामुळं की कशामुळं ते मी विचारलं नाही. बाहेर आमच्याच बाकावर बसलेला एक मुलगा मालूअक्कानंतर आत गेला. त्याला लग्नाचं विचारलं नाही. त्याचा टाइप करण्याचा आवाज ऐकला मी. एका बोटानं कुणी दार वाजवावं तसा थांबून थांबून येत होता. शेवटी आतून एक क्लार्क आला आणि म्हणाला, “झालं. कळवतो.” आतोबा काही बोलले नाहीत. शपथ होती ना. हुबळीची बस उणकलच्या तळ्यापाशी आली तेव्हा मालूअक्काच हसून म्हणाली, “बोला की अप्पा आता. सुटली शपथ.” आतोबा खिडकीतून बाहेर बघत राहिले.

पुढच्या आठवड्यात ते रायापूरला गेले, नेहमीसारखे, आणि मला घेऊन गेले. या खेपेला फाटकाशी बसावं लागलं नाही. तो ‘फस्क्लास’ म्हणणारा साहेबच भेटला, आणि त्यानं आम्हाला आत बसवून चहा मागवला. भला माणूस होता, त्याचाच तर राग येतो. “तुम्ही वडील आहात, म्हणून खरं सांगतो,” तो म्हणाला. “तुमची मुलगी सगळ्यांत चांगली होती. पण मुलींचं काय आहे, आम्ही शिकवायचं, आणि मग लग्न होऊन त्या जाणार. आम्ही मुलगाच घेतला. तो शिकेल टायपिंग हळूहळू.” जे उत्तर आतोबा आयुष्यभर मागत आले होते ते हेच. सरळ, स्पष्ट, कारणासकट, आणि वर चहा. आतोबांनी चहा घेतला नाही. उठताना ते एवढंच म्हणाले, “याक्री?” पण ते इतकं हळू, की साहेबाला ऐकू गेलं नसावं. मला आजही त्या टेबलावर मूठ आपटावीशी वाटते. ज्या मुलीला शिकवायचंच काही उरलं नव्हतं, तिला शिकवून ती जाईल म्हणून नको. आणि ज्याला काही येत नाही, तो शिकेल म्हणून हवा! आणि हे सगळं इतक्या सभ्यपणानं, इतक्या गोड तोंडानं, की भांडायलासुद्धा जागा ठेवली नाही.

घरी आलो तेव्हा आत्या दारात आणि मालूअक्का तिच्या मागं उभी होती. आत्यानं विचारलं, “काय म्हणाले?” मी आतोबांकडे बघितलं. त्यांनी कोट काढला, खुंटीला लावला, आणि खुंटीकडेच तोंड करून म्हणाले, “कळवतो म्हणाले.” मला वाटलं माझे कान फुटले. “तुम्ही नाही का अडून बसलात? हो का नाही म्हणून?” आत्याला खरंच वाटेना. “मोठा कारखाना हाय,” आतोबा म्हणाले. “वेळ लागतो त्यांना.” आणि हातपाय धुवायला मागच्या दारी गेले.

मग ते तसंच चालू राहिलं. कारखान्याचं ‘नाही’ आलेलं नाही, म्हणून आत्याला गदगचं नाव काढता येत नाही. आत्या विचारायची, आतोबा म्हणायचे, अजून कळवलं नाही. गदगची माणसं दुकानात येऊन गेली, तर त्यांनाही आतोबांनी तेच सांगितलं. मी तिथं होतो. “तुमचं काय ते ठरवा की आता,” ते पाहुणे म्हणाले. आणि आमचे आतोबा, हुबळीतल्या झाडून सगळ्या साहेबांना जाब विचारणारे आमचे आतोबा, नजर चुकवून म्हणाले, “कळवतो.” निंगप्पानं हातातली घागर तशीच धरून त्यांच्याकडे बघितलं. त्यानंही त्या दिवशी का म्हणून विचारलं नाही. वाट बघून बघून गदगकरांनी दुसरीकडे लग्न ठरवलं. पहिले काही आठवडे मालूअक्का आतोबांना विचारायची, “अप्पा, काही कळलं?” मग एक दिवस तिनं विचारायचं सोडून दिलं.

त्यानंतर आतोबा कुणाच्याच इंटरव्ह्यूला गेले नाहीत. पोरं बोलवायला यायची, कारण पूर्वी ज्याची लाज वाटायची त्याचीच आता सवय झाली होती. “चला की आतोबा.” ते म्हणायचे, “तुम्ही जा. मी कुठल्या तोंडानं येऊ?” पोरांना वाटायचं वय झालं. सकाळी वर्तमानपत्र यायचं, गिऱ्हाइकाला तांब्याचा भाव लगेच मिळायचा. इतकं शांत दुकान मला आवडत नसे.

मालूअक्काला पुढं नोकरी लागली, धारवाडला एका संस्थेच्या ऑफिसात. कॉल आला, ती एकटी गेली, आणि चार दिवसांत बोलावणंही आलं. ती पहिल्यांदा पगार घेऊन आली तेव्हा आत्या रडली, आणि आतोबांनी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांना गप्प बसणं जमत नाही हे मला माहीत होतं, म्हणून मी वाट बघत होतो. आता विचारतील, तिथंही तुला लग्नाचं विचारलं काय गं? पण त्यांनी ते विचारलं नाही. त्या दिवशी नाही आणि पुढं जितकी वर्षं ते होते त्यांतही नाही. आणि मालूअक्कानंही रायापूरवाले शेवटी काय म्हणाले होते, हे त्यांना कधी विचारलं नाही.